पालथा राजा

माझं लग्न ज्यांनी जमवलं त्यांना नवऱ्यामुलाचं नाव माहीत नव्हतं. मुलगा काय करतो, उंच आहे की बुटका, पितो की नाही, यातलंही काही माहीत नव्हतं. घर मात्र पक्कं माहीत होतं. "घर जुनं आहे," ते माझ्या वडिलांना म्हणाले, "फार जुनं." वडिलांनी भीत भीत विचारलं, "आणि मुलगा?" सरांनी क्षणभर आठवून पाहिलं. "असेल की," म्हणाले. "अशा घरात मुलगा असतोच."

सर भंडाऱ्याच्या आमच्या शाळेत इतिहास शिकवायचे आणि मी गणित. ते पन्नाशीला आलेले, अविवाहित, बाराही महिने बंद गळ्याच्या करड्या कोटात. मे महिन्यात भंडाऱ्यात कावळेसुद्धा सावली सोडत नाहीत, तेव्हाही कोट. कोटाच्या खिशात पितळी पानडबा. आमचं गाव पितळी भांड्यांचं, तेव्हा डब्यात नवल नव्हतं. नवल हे, की सर पान खात नसत. डबा त्यांनी कासाराकडे बसून करून घेतला होता. आत चार वाट्या, चुन्याला जागा नाही, अडकित्त्याला जागा नाही. तीन वाट्यांत कापूस आणि कापसावर एकेक चांदीचं नाणं. चौथी वाटी रिकामी.

ती वाटी का रिकामी आहे हे शाळेतल्या शिपायापासून निरीक्षकापर्यंत सगळ्यांना ऐकावं लागलं होतं. एकोणिसशे वर्षांपूर्वी रोममध्ये आपसात युद्ध पेटलं आणि एकाच वर्षात चार राजे झाले. प्रत्येकाने गादीवर बसताच पहिलं काम केलं ते स्वतःच्या तोंडाची नाणी पाडण्याचं, कारण सैनिकांना पगार द्यायचा होता आणि पगार ज्याच्या तोंडाचा, सैनिक त्याचे. सरांना त्या वर्षाची चार तोंडं हवी होती. बाकीचं रोम त्यांनी इतरांना सोडलं होतं.

त्या राजांची नावं सर तोंडात खडीसाखर घोळवावी तशी उच्चारत. मला ती कधीच राहिली नाहीत, म्हणून मी माझी ठेवली. पहिला म्हातारा. तिसरा खादाड, कारण त्या एवढ्याशा नाण्यावरही त्याला तीन हनुवट्या होत्या. चौथा टिकाऊ, कारण तो टिकला. हे तिघे सरांकडे होते: एक पवनीच्या सोनाराकडून, आटवायच्या चांदीतून उचललेला, आणि दोन मद्रासकडच्या कुण्या निवृत्त कारकुनाशी अकरा वर्षं पत्रं लिहून मिळवलेले. नव्हता तो दुसरा. तो तीन महिने राजा होता. डोक्यावर केस नव्हते, म्हणून केसांचा टोप घालायचा. एक लढाई हरला आणि दोन दिवसांनी पहाटे स्वतःच संपला. एवढ्या घाईत त्याने पाडून पाडून किती नाणी पाडली असणार? म्हणून सरांना तोच हवा होता. टोपवाला.

कवायतीच्या मास्तरांनी एकदा त्या रिकाम्या वाटीत लवंग ठेवली. सर दोन महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या महिन्यात बोलले ते एवढंच, "तुम्ही राजाच्या जागी लवंग बसवलीत. रोममध्ये निदान सैन्याला तरी विचारत."

शिकवण्याबद्दल म्हणाल तर सरांचा अभ्यासक्रम कधी पुरा झाला नाही. परीक्षेला मराठ्यांचा इतिहास यायचा आणि आमची मुलं रोममध्ये अडकलेली असायची. शेवटी मीच माझ्या मोकळ्या तासाला मुलांना गोळा करून पानिपतापर्यंत आणून सोडायची. सरांनी त्याबद्दल कधी आभार मानले नाहीत. बहुधा त्यांच्या लक्षातच आलं नसावं.

मग आमच्याच शाळेत युद्ध पेटलं. संस्थाचालकांचे दोन गट पडले आणि एका वर्षात चार मुख्याध्यापक झाले. दोन हजेरीपत्रकं, दोन घंटा. आम्ही सगळे जीव मुठीत धरून, कुठे सही करावी या विवंचनेत, आणि सर आनंदाने फुललेले. त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच इतिहास वेळापत्रकाप्रमाणे चालला होता. प्रत्येक नवा मुख्याध्यापक पहिल्या आठवड्यात नवा रबरी शिक्का करून घ्यायचा. सर त्याच्याकडे जाऊन कोऱ्या कागदावर तो शिक्का उमटवून मागायचे आणि कागद जपून ठेवायचे. स्वतः दोन्ही हजेरीपत्रकांवर सही करायचे. मी घाबरून सल्ला विचारला तेव्हा म्हणाले, "बाई, ज्याच्या शिक्क्यावर पगार निघतो त्याला नमस्कार करा. पण जपून ठेवायचा तो शिक्का. माणूस जाईल." चौथा मुख्याध्यापक टिकला. सर निवृत्त होईपर्यंत तो त्यांच्याकडे पुऱ्या झालेल्या अभ्यासक्रमाचा अहवाल मागत राहिला, आणि सर त्याला टिकाऊच्या रोमन नावानेच हाक मारत राहिले.

हे सगळं सांगितलं, कारण त्याशिवाय माझं लग्न समजणार नाही.

जनगणनेच्या कामाला शिक्षकांना जुंपतात. सरांच्या वाट्याला साकोली तालुक्यातलं एकोडी आलं. माणसं मोजायला पाठवलेल्या या माणसाने एका घरात माणसं सोडून सगळं बघितलं. ते माझं सासर. माझ्या नवऱ्याची नोंद त्या वर्षी झाली की नाही, याची मला आजही शंका आहे. सरांची नजर गेली ती उघड्या दारातून देवघराकडे. तिथे ताटलीत, टाकांच्या शेजारी, एक चांदीचा गोल होता. गोलावर उभी बाई, एका हातात काहीतरी वाटोळं, दुसऱ्या हातात लांब काठी. कडेला अक्षरांचे उरलेसुरले दात.

घरातल्या कुण्या पूर्वजाला तो गोल बोडीची, म्हणजे शेतातल्या लहान तलावाची, पाळ खणताना सापडला होता. तेव्हापासून ती पाळीवरची माय. हातात धानाची पेंडी, दुसऱ्या हातात राखणीची काठी. माय आल्यापासून पाळ फुटली नाही म्हणतात. सरांनी मला नंतर सांगितलं की त्या बाईचं खरं नाव सुरक्षितता, आणि टोपवाल्याने ती आपल्या नाण्यावर मुद्दाम कोरून घेतली होती. स्वतःला तीन महिन्यांवर ती पुरली नाही. एकोडीच्या बोडीला मात्र पुरली.

पण बाईवरून राजा ठरत नव्हता. बायका बऱ्याच राजांनी कोरल्या होत्या. राजाचं तोंड नाण्याच्या दुसऱ्या अंगाला असतं, आणि ते खाली होतं. सरांनी बघू का म्हणून विचारलं. उत्तर मिळालं की बाहेरच्या माणसाने देवाला हात लावायचा नाही, आणि मायला तर कुणीच कधी पालथं घालायचं नाही. वर्षातून एकदा, नवीन धान घरात आलं की त्याच्या पोह्यांचा आणि खिरीचा नैवेद्य दाखवतात. त्या दिवसाला नवं म्हणतात. त्या दिवशी सोयऱ्यांना देवासमोर बसता येतं. आणि मायची पाठ बघायला मिळते ती फक्त घरच्या सुनेला, कारण नव्याच्या आदल्या दिवशी दार लावून देव उजळायचं काम तिचं.

म्हणजे सरांना दोन गोष्टी हव्या होत्या. स्वतः सोयरा व्हायचं आणि त्या घरात अशी सून पाठवायची जी पाहिलेलं नीट सांगू शकेल. स्टाफरूममध्ये बिनलग्नाची मी एकटीच होते.

माझी आई एकुलती, त्यामुळे मला मामा नव्हता. लग्नात नवरीच्या पाठीशी मामा लागतो. सर म्हणाले, मी उभा राहतो. शाळेत सगळ्यांना गहिवरून आलं. माझ्या आईने तर डोळ्यांना पदर लावला. ज्याने कधी मला चहा घेतलात का म्हणून विचारलं नव्हतं, तो माणूस माझा मामा झाला. लग्न सासरच्या दारी झालं. फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघतात, सर एकटेच डावीकडे. देवघर डावीकडे होतं.

पहिल्या नव्याच्या आधी पोस्टकार्ड आलं. पत्त्यात नवऱ्याचं नाव नव्हतं, 'पाळीवरची माय असलेलं घर, एकोडी, तालुका साकोली' एवढंच. पोस्टमनने पत्ता वाचून दाखवत ते सासूबाईंच्या हातात दिलं, आणि वाचता न येणाऱ्या सासूबाईंना सुनेचा मामा भलताच भाविक वाटला. मजकूर असा: 'देव उजळताना मायच्या पाठीमागे पाहणे. माणूस आहे का? दाढी आहे का? केस कसे?' खाली 'सर्व प्रश्न सोडवणे आवश्यक' एवढं लिहायचं राहिलं होतं.

सासूबाईंनी चिंचेचा गोळा हातात दिला, दार ओढून घेतलं. मी मायला पालथं केलं. वरचं अंग पिढ्यान्‌पिढ्यांच्या अंगठ्यांनी, हळदीने, चिंचेने गुळगुळीत झालं होतं. बाई आता बाई आहे हे सांगावं लागत होतं. पाठीला मात्र कुणी बोट लावलेलं नव्हतं. तिथे एक तरुण माणूस होता, काळपट, ठसठशीत, काल पाडल्यासारखा. दाढी नाही. मान जाड. केस घाटाच्या पायऱ्यांसारखे एकाखाली एक, इतके व्यवस्थित की स्वतःचे असणं शक्य नाही.

माझं लग्न का झालं ते मला तिथे कळलं, चिंचेने माखलेल्या हातांनी. राग आला म्हणणं कमी होईल. नवरा चांगला निघाला होता, पण त्यात सरांचा काही हात नव्हता. तो योगायोग.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने सर हजर. देवासमोर मांडी घालून बसले, नैवेद्य झाला, खीर झाली. मग अंगणात मला गाठून हळूच म्हणाले, "बाई?"

"झिजलंय, सर. काही दिसत नाही."

"काहीच नाही?"

"मला तर लवंग वाटली."

त्यांनी मान हलवली आणि निघून गेले. मला वाटलं सुटले. पण ते पुढच्या नव्याला आले. त्याच्या पुढच्याही. दर वर्षी अंगणात तोच प्रश्न, "या वर्षी?" जणू झिजलेलं नाणं पावसाळ्यात थोडं थोडं उगवून येतं. दर वर्षी माझं तेच उत्तर. मुलीच्या बारशाला आले, तिच्या हातात नकाशांचं पुस्तक ठेवलं आणि देवघराकडे बघत बसले. नाण्यापायी न येता आले ते एकदाच. माझे वडील गेले तेव्हा सर भंडाऱ्याच्या घरी आले, सकाळपासून संध्याकाळपर्यंत भिंतीला टेकून बसले, आणि नाण्याचा विषयसुद्धा काढला नाही. तेवढं मी लक्षात ठेवलं. उत्तर बदललं नाही.

सर निवृत्त झाले. आता त्यांच्या स्वतःच्या डोक्यालाही टोपाची गरज होती. आठव्या नव्याला ते पानडबा घेऊन आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, की पाठ झिजली तर झिजली, निदान तिघांना मायच्या शेजारी ठेवून बघू. कडा, जाडी, घडण मिळते का. त्यावरूनही काही सांगता येईल. मग सासूबाईंसमोर जाऊन, आयुष्यात पहिल्यांदाच घाबरत, त्यांनी विचारलं की माझ्याकडे तीन आहेत, मायजवळ दोन मिनिटं ठेवू का.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. ज्याच्या मागे कुणी नाही असा माणूस थकला की आपल्या घरचे देव सोयऱ्यांच्या देवघरात आणून देतो. देव उपाशी राहू नयेत म्हणून. तो फार बोलत नाही, कारण काय बोलणार? देव आणतो, ठेवतो. सासूबाईंनी आपल्या हयातीत असे दोन-तीन घरांचे देव घेतले होते. समोर बिनलग्नाचा, निवृत्त झालेला, थकलेला माणूस पितळी डबा उघडून चांदीची तीन तोंडं कापसातून काढत होता. त्यांना सगळं समजलं.

सरांनी तिन्ही नाणी ताटलीत मायच्या शेजारी मांडली आणि खिशातून भिंग काढायला खाली वाकले. वर मान करेपर्यंत म्हाताऱ्याला हळद लागली होती, खादाडाच्या तिन्ही हनुवट्यांवर कुंकू होतं आणि टिकाऊवर झेंडूचं फूल. वरून अक्षता.

"मायचे भाऊ हायेत हे," सासूबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "लय चांगलं केलं जी, गुरुजी."

"नाही, मी फक्त... दोन मिनिटं..."

"दोन मिनिटं कायले? कुंकू लागलं, आता इथंच राहतीन थे. तुमच्यामागं कोन पाहणार हाये त्यायले? काहून उदास होऊन राहिले? वर्साच्या वर्साले या, भेटा."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. आठ वर्षांत पहिल्यांदा माझ्यातून पलीकडे न बघता माझ्याकडे पाहिलं.  एक वाक्य पुरलं असतं, आणि ते बोलायचा हक्क माझ्यापेक्षा त्यांचा होता. 'ही नाणी आहेत.' इतिहासाच्या शिक्षकाला ते जड नव्हतं. वर्गात तीस वर्षं दुसरं काही बोललेच नव्हते. तिन्ही परत मिळाली असती. पण त्याच वाक्यात मायसुद्धा नाणं झाली असती, आणि समोर म्हातारी हात जोडून उभी होती.

सरांनी भिंग खिशात ठेवलं. डबा मिटला. "येईन," म्हणाले. मग खीर खायला बसले आणि दुसऱ्यांदा मागून घेतली नाही.

त्यांना बसथांब्यापर्यंत सोडायला मी गेले. नवीन पोह्यांची पिशवी माझ्या हातात, रिकामा डबा त्यांच्या. धान कापून झालेल्या बांध्यांमधून आम्ही चाललो होतो. ते दर चार पावलांना डब्यावर बोट वाजवून पोकळ आवाज ऐकत होते.

"सर," मी म्हटलं, "टोप आहे."

ते थांबले. "कुणाला?"

"मायच्या पाठीमागे जो आहे त्याला. दाढी नाही. मान जाड. केस पायऱ्यांसारखे. स्वतःचे नाहीत."

"कधी पाहिलंत?"

"पहिल्या नव्याला."

त्यांनी बोटांवर मोजलं. "सात वर्षं, बाई. तो स्वतः तीन महिने होता."

"तुम्ही मला न विचारता दिलंत, सर."

"तुमच्या वडिलांना विचारलं होतं."

"काय विचारलं होतं? घर जुनं आहे, एवढं सांगितलं होतं."

त्यांनी पानडबा उघडून चारही रिकाम्या वाट्या पाहिल्या. "म्हणजे चौघे आत्ता एका ताटलीत आहेत."

"आहेत."

"आत्ता."

"हो. खीर खाताहेत."

सर हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. हसताना ते बऱ्यापैकी माणसासारखे दिसत. तेवढ्यात बस आली. आत चढले, खिडकीशी बसले, आणि बस हलता हलता बाहेर डोकावून म्हणाले, "बाई, जावयांचं नाव काय?"

मी सांगितलं. त्यांनी कोटाच्या खिशातून वही काढून, जनगणनेत राहून गेल्यासारखं, ते लिहून घेतलं.

पुढच्या नव्याआधी पोस्टकार्ड आलं. पत्त्यावर माझ्या नवऱ्याचं नाव होतं, संपूर्ण. मजकूर एक ओळ: 'भावांना चिंच लावू नये.'

मी सासूबाईंना सांगितलं की आमच्या मामाकडे देवांना चिंच लावत नाहीत, नुसत्या पाण्याने धुतात. आलेल्या देवांबरोबर त्यांची रीतही घ्यायची असते, म्हणून त्यांनी ती मान्य केली, आणि मायला वेगळं कसं ठेवायचं म्हणून चौघांनाही पाण्यानेच धुवायचं ठरवलं. सर त्यानंतर पाच वेळा आले. चपला बाहेर काढून आत यायचे, ताटलीसमोर हात जोडायचे. कुणाला, ते मी विचारलं नाही.

तेव्हापासून आमच्याकडे देव नुसत्या पाण्याने धुतात. गावातल्या आणखी दोन घरांनी ती रीत उचलली आहे. त्यांना विचारलं तर सांगतात, जुनी आहे. फार जुनी.